खापरावर जाण्याआधी

"ए, थांब! ती परात आधी माझ्याकडे."

चैताली परात घेऊन अर्ध्या वाटेत थांबली. उज्वलाताईंचा मोबाइल कान आणि खांदा यांच्यामध्ये अडकलेला, डाव्या हातात पुरणाच्या पातेल्याचं झाकण, उजवा हात परातीकडे पसरलेला. फोनवर कुणीतरी दहा मांड्यांचे पंधरा करत होतं.

"हो हो वहिनी, होऊन जातील," उज्वलाताई म्हणाल्या आणि कणकेचा लचका अंगठा आणि दोन बोटांत धरून त्यांनी ओढला, सोडला. "पाण्याचा हबका दे आणि परत तिंब." मग घाईनं फोनमध्ये, "नाही नाही वहिनी, तुम्हाला नाही तिंब म्हटलं!"

शेडमधल्या पाचही बाया हसल्या.

पाथर्डी फाट्यापासून थोडं आत, पत्र्याची एक शेड. तीन चुली, त्यांच्यावर उपडी घातलेली तीन मोठाली मातीची खापरं, कोपऱ्यात लाकडांचा ढीग. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण लाटून होणारी नव्हे. पुरण भरलेला उंडा थोडा थापायचा आणि मग हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, फिरवत फिरवत तो पसरत जातो. शेवटी दोन्ही हातांवर ओल्या पंचासारखा लोंबायला लागला, की तसाच अलगद तापलेल्या खापरावर टाकायचा. कणीक सैल असेल तर हातावरच फाटते, घट्ट असेल तर पसरतच नाही. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे, ती शोधणं म्हणजे मांडे करणं.

ती जागा उज्वलाताईंच्या बोटांना सापडायची. हा त्यांचा धंदा होता.

त्या नामपूरच्या. लग्न होऊन नाशिकला सिडकोत आल्या, तेव्हा माहेरचं खापर मांडीवर घेऊन एसटीत बसल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, लेकराचं अर्धं तिकीट काढा." बागलाण, खानदेशातून अंबड-सातपूरच्या कंपन्यांत आलेली घरं चहूकडे होती. सगळ्यांना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे हवे असायचे. त्या दिवशी दुपारी बाराच्या आत पितरांच्या नावानं विस्तवावर नैवेद्य टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आगारीला मांडा नाही म्हणजे गेलेल्या माणसाला दारात बोलावून उपाशी धाडल्यासारखं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चूल कुठे मांडणार? पहिल्या वर्षी उज्वलाताईंनी इमारतीच्या पार्किंगमध्ये आठ घरांचे मांडे केले. चौथ्या वर्षी धुरावरून सोसायटीत सभा झाली. सहाव्या वर्षी ही शेड घेतली. आता एकोणिसावं वर्ष. आखाजीबरोबर लग्नं, डोहाळजेवणं, पाहुणचार, बाराही महिने काम.

लेक निकिता बी.कॉम. होऊन याच कामात आली. तिनं मोबाइलवर पान उघडलं, बुकिंगचा फॉर्म केला, फलकावर लिहून घेतलं : 'उज्वलाताईंच्या हाताचे मांडे'. ते अक्षरशः खरं होतं. गहू त्या निवडायच्या, डाळ त्याच बघायच्या, लाकूडवाल्याशी त्याच भांडायच्या. आणि त्यांच्या चिमटीतून गेल्याशिवाय एकही परात खापराकडे जायची नाही.

"मम्मी, प्रमाण लिहून ठेवू या ना," निकिता दर दोन महिन्यांनी म्हणायची. "किलोला पाणी किती?"

"लागेल तेवढं."

"लागेल तेवढं म्हणजे किती?"

"ते कणीक सांगते."

"मग कणकेला म्हणावं, मला पण सांग!"

यंदा आखाजीला पाच आठवडे होते आणि फॉर्मवर साडेचारशे मांडे झाले होते. निकितानं विचारलं, "बंद करू? गेल्या वर्षी चारशेलाच तुझी कंबर गेली होती."

"आखाजी वर्षातून एकदा येते. दारात आलेल्याला नाही म्हणायचं?"

"अगं, दारात कुठे, मोबाइलवर आलेत."

"येऊ दे."

सहाशेवर फॉर्म आपोआप बंद झाला. तो तसा बंद होईल अशी सोय निकितानं गुपचूप केली होती.

*

त्याच आठवड्यात एका सकाळी शेडमध्ये चामडं जळाल्याचा वास आला. नवसाबाईंना आधी आला. नवसाबाई साठीच्या, सटाण्याकडच्या, उज्वलाताईंकडे पहिल्या वर्षापासून. नाशिकला येऊन वीस वर्षं झाली, पण तोंडातली अहिराणी पुरती गेली नव्हती.

"उज्वला! हात काढ!"

उज्वलाताईंनी खाली पाहिलं. चुलीवरच्या पातेल्याचा काठ त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत होता. बोटांची टोकं पांढरी पडली होती. त्यांनी हात काढला, आणि मग, जरा उशिरा, "आई गं" म्हणाल्या.

नवसाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "चटका बसना तुले, समजनं नही का?"

"समजलं की. फोनवर होते ना."

"फोन तर तठे पडेल शे."

मोबाइल खरंच तिकडे पाटावर पडला होता. उज्वलाताईंनी पदराला हात पुसला आणि पुढच्या परातीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कुणाला न सांगता इंदिरानगरला डॉक्टर देवव्रतांकडे गेल्या. तरुण माणूस, बोलायला मऊ. त्यानं त्यांना डोळे मिटायला सांगितलं.

"आता मी बोटाला कापूस लावतो. लागला की सांगा."

उज्वलाताई वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लावा की."

खोलीत पंख्याचा आवाज होता.

"लावलाय, ताई."

मग टाचणी झाली. अंगठ्याला थोडं कळलं. पहिल्या दोन बोटांना काहीच नाही. डॉक्टरांनी त्यांचा तळवा उताणा केला, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला. तो भाग डाव्या हातापेक्षा बसका झाला होता. उज्वलाताईंनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"मनगटात नस दाबली गेलीय. किती वर्षं तिंबताय?"

"एकोणीस."

"रात्री हात बधिर व्हायचा का?"

"तो सगळ्यांचाच होतो ना?"

"नाही होत. ऑपरेशन छोटं आहे. पण आधी यायला हवं होतं. गेलेली जाणीव किती परत येईल, ते मी आज सांगू शकत नाही. आणि आजपासून तिंबणं बंद."

"आखाजी झाली की येते."

"कधी आहे?"

"पाच आठवडे."

"ताई, नस पंचांग बघत नाही."

उज्वलाताई हसल्या, कारण वाक्य चांगलं होतं. येताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी सांधेदुखीचं मलम घेतलं. घरी नवरा, महेशराव, कंपनीतून येऊन चहा घेत होते.

"कुठे गेली होतीस?"

"डॉक्टरकडे. वात आहे म्हणाले. मलम दिलंय."

त्या रात्रीपासून महेशराव रोज न चुकता त्या मलमाची ट्यूब दाबून द्यायचे. उज्वलाताईंच्या बोटांत ती दाबायचीसुद्धा ताकद नव्हती आणि महेशरावांना वाटायचं, वाताचंच हे.

*

यानंतरचे पाच आठवडे उज्वलाताई रोज तेच करत होत्या जे एकोणीस वर्षं केलं होतं. परात येई, त्या चिमूट धरत, ओढत, सोडत. फक्त आता बोटांकडून निरोप येत नव्हता. दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांनी आपण काहीतरी धरलंय, असं वाटे. मग त्या डोळ्यांनी बघत. कणकेवर चकाकी किती, कडेला चिरा आहेत का, तिंबणारीच्या कपाळावर घाम किती. आणि निकाल देत : "अजून पाणी." "ठीक आहे." "परत तिंब."

आणि मांडे चांगले होत होते! हीच तर गंमत होती. एकही फाटत नव्हता. लग्नाची एक ऑर्डर गेली, डोहाळजेवणाच्या दोन गेल्या, कुठून तक्रार नाही. उज्वलाताईंना वाटलं, टाचणी वेगळी आणि कणीक वेगळी. डॉक्टरला टाचणी कळते. एकोणीस वर्षं हाताबाहेर कुठेतरी साठलेली असणार, खांद्यात, नाहीतर डोक्यात.

रोज परात त्यांच्याकडून नवसाबाईंकडे जायची, उंडे करायला. उंडे करताना नवसाबाई कणकेवर जरा जास्तच वेळ काढतात, हे उज्वलाताईंना दिसत होतं. एकदा म्हणाल्यासुद्धा, "मावशी, तुम्ही आता म्हाताऱ्या झालात. किती वेळ एका परातीला?"

"व्हयनू खरी," नवसाबाई म्हणाल्या. "तू मातर जवान व्हत जाऱ्हायनी."

*

आखाजीच्या दिवशी उजाडायच्या आत तिन्ही चुली पेटल्या. सहाशे मांडे, बाराच्या आत घरोघरी. चार रिक्षा ठरवलेल्या. निकिता यादी घेऊन दारात टेबल मांडून बसली.

पाच बायांतल्या अंबूबाई आल्या नाहीत. त्यांचा निरोप आला : 'लेक माहेरी आली, जावई पण आले, आज जमत नाही.' आखाजीला लेक माहेरी येतेच, त्यावर कुणी काय बोलणार? पण अंबूबाई तिसरं खापर सांभाळायच्या.

"मावशी, तुम्ही खापरावर जा," उज्वलाताई म्हणाल्या. "उंडे चैताली करेल."

नवसाबाई उठल्या नाहीत. "चैतालीले खापरवर धाड. मी आठेच परातपाशी बरी शे."

"तिचा हात तुमच्यासारखा चालत नाही. सहाशे आहेत मावशी! ऐका माझं."

नवसाबाईंनी परातीकडे पाहिलं, उज्वलाताईंकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात फोन वाजला आणि उज्वलाताई तिकडे वळल्या. नवसाबाई उठून तिसऱ्या चुलीपाशी गेल्या.

नवसाबाईंनी पहाटे आल्या आल्या मळून ठेवलेल्या पराती होत्या, तोवर काम झरझर चाललं. तीन खापरांवर तीन मांडे, काढले की चौघडी घालून कापडावर. पहिली रिक्षा सातला गेली. साडेआठला तीनशे चाळीस झाले होते. निकिता ओरडली, "मम्मी, वेळेच्या पुढे आहोत आपण!"

नंतरच्या पराती उज्वलाताईंच्या निकालानं आल्या.

पहिला मांडा दुसऱ्या खापरावरच्या लतिकाच्या हातावर फाटला. कोपरापर्यंत आला आणि मधोमध उसवला. पुरण थेट खापरावर पडलं, करपलं, डोळ्यांत धूर गेला.

"नख लागलं असेल," उज्वलाताई म्हणाल्या.

"नखं कापलीत ताई, कालच."

दुसरा फाटला. तिसरा. उज्वलाताईंनी परातीत चिमूट घातली, कपाळाला आठ्या घालून ओढली. "घट्ट आहे. म्हणून चिरतेय. पाणी लाव."

चैतालीनं पाणी लावलं. पुढचा मांडा हातावर पसरलाच नाही, ओघळला. मनगटावरून कोपराकडे वाहत गेला आणि चुलीत पडला. मग नवसाबाईंचासुद्धा फाटला. नवसाबाईंच्या हातावर मांडा फाटलेला शेडमध्ये कुणी पाहिला नव्हता. त्यांनी खापर पुसून घेतलं, दुसरा उंडा घेतला, तोही फाटला.

"हात आहेत का फावडी?" उज्वलाताईंचा आवाज चढला, रोख चैतालीवर. "उंडे करतेस का चिखल कालवतेस? लोकांच्या घरी विस्तव पेटवून बसलेत! फाटका मांडा ठेवतील नैवेद्याला? रोज होतं ते आज का होत नाही तुझ्याच्यानं?"

चैताली उभी राहिली. कोपरापर्यंत पीठ, नाकाला पीठ, डोळे भरलेले.

"कारण रोज नवसाबाई मागून नीट करतात!" ती म्हणाली. "तुम्ही पाणी म्हणता, ते घालत नाहीत त्या. तुम्ही ठीक म्हणता, त्याला दुरुस्त करतात. आज त्या खापरावर आहेत. मला काय येतं? मी तुम्ही सांगितलं तसं केलं!"

लतिकानं हातावरचा उंडा परातीत परत ठेवला. दारात निकिता पेन हातात धरून उभी होती.

उज्वलाताई नवसाबाईंकडे वळल्या. त्या "खोटं बोलते ना ही?" असं विचारतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी उजवा हात पुढे केला, परातीतला एक लचका उचलला आणि नवसाबाईंसमोर धरला.

"काय झालंय याला?"

नवसाबाईंनी बोट लावलं. "पाणी जास्त व्हयनं. पहिलेंगच जास्त व्हतं, तू आणखी घालाले लाव्हं. आते हाई कणीक कामनी नही."

"पीठ घालून?"

"तीन तास जातीन मुराले. बारा वाजतीन."

घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. दोन पराती वाया गेल्या होत्या आणि अडीचशे मांडे बाकी होते.

"मावशी, तुम्ही कणकेला बसा," उज्वलाताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, कोरडा. "चैताली, तू खापरावर. किती होतील बाराच्या आत?"

नवसाबाईंनी पिठाच्या डब्याकडे पाहिलं. "नवी कणीक मुरीसन, नीट करनं म्हणजे... शंभर. वर एक नही."

"निकिता, यादी आण. आणि माझा फोन."

*

अर्धा तास उज्वलाताई टेबलाशी बसून फोन करत होत्या. प्रत्येकाला एकच प्रश्न : "तुमच्याकडे आगारी आहे, की फक्त जेवायला हवेत?"

"म्हणजे काय?" एक बाई म्हणाल्या. "माझे व्याही येऊन बसलेत. बारा माणसं. ताटात काय वाढू, तुमचा आवाज?"

"चूक माझी आहे, ताई. कणीक बिघडली. आगारी असली तर दोन मांडे पोचवते. नसली तर आज एकही देऊ शकत नाही."

"हे तुम्ही नऊ वाजता सांगता? दहा वर्षं मागवतोय आम्ही!"

"हो."

"एवढं झेपत नव्हतं तर घेतलंत कशाला?"

"तेच मीही विचारतेय, ताई."

पलीकडून फोन कट झाला.

एकानं दमदाटी केली. एकीनं हसून सोडून दिलं, "अहो, साध्या पोळ्या लाटते मी, तुम्ही पाणी प्या आधी." एकानं मोबाइलवरच्या पानावर काय काय लिहिणार ते आधीच वाचून दाखवलं. शेवटी बाळाजी आप्पा. मूळचे नामपूरचेच, कंपनीतून निवृत्त. मागच्या श्रावणात त्यांची बायको गेली होती. वीस मांडे सांगितले होते.

"आप्पा, वीस नाही होणार."

"किती होतील?"

"दोन."

"तिची पहिली आखाजी आहे, उज्वला."

"माहीत आहे, आप्पा."

"पोरांना मी भात घालीन. तिच्यापुरता एक दे. पण चांगला दे. ती फार बघायची कडा."

उज्वलाताईंनी फोन ठेवला आणि डाव्या हातानं उजवी बोटं दाबून धरली. मग उठून नवसाबाईंच्या परातीशी गेल्या.

"मावशी, आप्पांचा मांडा तुम्ही करा. तुमच्या हातावरचा पाहिजे."

नवसाबाईंनी मान हलवली.

बाराला दहा मिनिटं कमी असताना शेवटची रिक्षा गेली. एकशेचार झाले. ज्यांच्याकडे आगारी होती, त्यांच्यापैकी कुणी राहिलं नाही. बाकी तीसेक घरं राहिली.

*

दुपारी चुली विझवल्यावर बाया जेवून गेल्या. निकिता मोबाइलवर येणाऱ्या एकेका शेऱ्याला उत्तर लिहीत बाहेर बसली. आत दोघीच.

"कधीपासून?" उज्वलाताईंनी विचारलं.

"संक्रांतपासून."

"संक्रांत? मी डॉक्टरकडे गेले ते होळीनंतर."

"तुले होळीनंतर समजनं. माले संक्रांतले."

"काय करायचात तुम्ही?"

नवसाबाईंनी तांब्या उचलला आणि करून दाखवलं. तांब्या परातीवर वाकडा केला, गोल फिरवला, एक थेंब पडू दिला नाही. "तू पाणी म्हणे, मी आसं करू. तू ठीक म्हणे, मी उंडे करता करता सुधारी ल्हेऊ. तू फोनवर ऱ्हाय. कधी दिसनं नही तुले."

उज्वलाताईंना हसू आलं आणि त्याच हसण्याचं मध्येच काहीतरी दुसरं झालं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पाच बायांसमोर सांगू, तुन्ही बोटं गयीत?"

"एकटीला सांगायचं."

"एकटी तू सापडनी कधी? एक तर फोन, नही तर परात, नही तर लाकूडवाला." नवसाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "चार महिने मी तुले एकटी गाठाले दखू. आज सकाळले तोंड उघाडं, तर फोन वाजना."

बाहेर निकिता कुणाला तरी आवाजी निरोप पाठवत होती, 'आम्हाला मनापासून खेद आहे.'

"मग आता?" उज्वलाताई म्हणाल्या. "चिमूट तुम्ही धरा."

"मी धरसू. पण माले एकटीले नको." नवसाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. मनगटं सुजलेली होती. "मन्हा हात बी कुठे लोखंडना शेत? तुन्ही जागा मी, मन्ही जागा कोण? चैतालीले शिकाडसू. ती पाणी मापीसन घाली. निकिता म्हणे तसं, लिही ठेवा. आणि दोनच खापरं. मी सांगसू तितल्याच पराती."

"लोक दुसरीकडे जातील मावशी."

"आज कोठे गयात? आज तर आपणच त्यासले धाडं."

"आणि मी काय करू?"

"फोन उचल, नही म्हण. कोणलेच जमत नही ते काम. तुलेबी जमत नही. पण शिकशी."

हे सगळं बरोबर आहे, हे उज्वलाताईंना कळत होतं, आणि ते बरोबर असण्याचाच राग येत होता. आज सकाळपर्यंत ही शेड त्यांच्या बोटांवर उभी आहे असं त्यांना वाटत होतं. ती संक्रांतीपासून दुसरीच्याच बोटांवर उभी होती, आणि पडली नव्हती.

संध्याकाळी महेशरावांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी फक्त म्हणाले, "वात म्हणाली होतीस."

"घाबरले होते."

"मी रोज मलम दाबून द्यायचो. तू घ्यायचीस हातावर." ते उठून गॅलरीत गेले. ऑपरेशनच्या दिवशी मात्र कंपनीत सुट्टी टाकून सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसून होते.

*

ऑपरेशनला सहा आठवडे झाले. टाके निघाले. अंगठ्यात जाणीव आलीय, पहिल्या बोटात मुंग्या येतात. मधल्या बोटाचं काही सांगता येत नाही. "वेळ द्या," डॉक्टर म्हणतात.

शेडमध्ये आता दोन चुली पेटतात. भिंतीवर निकितानं कागद चिकटवलाय, त्यावर पाण्याची मापं आहेत, आणि प्रत्येक मापापुढे नवसाबाईंच्या सांगण्यावरून 'पावसाळी हवा असली तर कमी' असं लिहिलंय. चैतालीची कणीक पाचांतल्या चार वेळा जमते. पाचव्या वेळी नवसाबाई तिला शिव्या देतात. आखाजीला राहिलेल्या घरांपैकी काही परत आली, काही आली नाहीत. परवा एका केटररनं दर गुरुवारचे दोनशे मांडे मागितले. उज्वलाताईंनी फोनवर हात ठेवून आत विचारलं, आतून आकडा आला, आणि त्यांनी "साठ" म्हटलं. "साठात काय करू मी?" तो म्हणाला. फोन ठेवल्यावर अर्धा तास त्या खुर्चीत नुसत्या बसून होत्या. त्याला परत फोन करावा, शंभर तरी म्हणावं, असं दोनदा मनात आलं. हात फोनपर्यंत जाऊन आला.

त्या आता बाहेर बसतात, दाराशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर. आतून कणीक आपटल्याचा आवाज येतो. आवाजावरून काही कळतं का ते त्या बघतात. कधी वाटतं कळलं, कधी वाटतं आपण उगाच.

आज दुपारी एक बाई स्कूटरवरून आल्या, पहिल्यांदाच. उज्वलाताईंनी कापडात गुंडाळलेले सहा मांडे पिशवीत भरले.

"काकू, पुरण पातळ नाही ना? कडा मऊ आहेत ना? सासूबाईंना दात नाहीत."

उज्वलाताईंनी तोंड उघडलं. गेली एकोणीस वर्षं इथे एकच उत्तर होतं आणि ते तोंडात आलंसुद्धा होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी हात नाही लावलेला. थांबा, विचारते."

त्या उठून उंबऱ्यापर्यंत गेल्या. आत धूर होता, चैतालीच्या हातावर एक मांडा अर्धा पसरला होता.

"मावशी, कडा कशा झाल्यात?"

नवसाबाईंनी मान वर केली नाही. "मऊ शेत."

उज्वलाताई उंबऱ्यावरच क्षणभर थांबल्या, आणि मागे वळल्या.

"मऊ आहेत म्हणतात," त्या स्कूटरवाल्या बाईंना म्हणाल्या, आणि डाव्या हातानं पिशवी पुढे केली.